ब्राउझरमध्ये काढलेला गावनकाशा झूम करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावचा सर्व्हे नंबरांचा नकाशा आपण ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी चित्र रंगवणाऱ्या घटकावर, काढला आहे. खाली जुन्या कागदी गावनकाशाचे स्कॅन आहे आणि त्यावर बांधांच्या रेघा, हिस्सा नंबर व नावे आहेत. नकाशा मोठा केला की मोबाइलवर तो पुसट दिसतो, रेघा दोरखंडासारख्या जाड होतात, माउसचे चाक फिरवले की ज्या शेतावर कर्सर ठेवला आहे तेच शेत बाजूला पळते, आणि बोट टेकवले तर शेजारच्याचा सर्व्हे नंबर निवडला जातो. यावर उपाय म्हणून कॅनव्हास सोडून एसव्हीजीकडे, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा व आकार साठवणाऱ्या चित्रपद्धतीकडे, वळावे का, असे आपण विचारले आहे.

एसव्हीजीकडे वळायचे की नाही हे शेवटी पाहू, कारण त्याने चारांपैकी फार तर दीड अडचण सुटेल. खरी गोम आकडे साठवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या कोडमध्ये प्रत्येक शेताच्या कोपऱ्याचे स्थान पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये साठवले आहे, आणि ‘मोठे करा’ हे बटण दाबले की त्या सर्व आकड्यांना १.२ ने गुणून आलेले उत्तर पुन्हा त्याच जागी ठेवले जाते. ‘लहान करा’ दाबले की ०.८ ने गुणले जाते. १.२ गुणिले ०.८ म्हणजे ०.९६, त्यामुळे एकदा मोठा करून एकदा लहान केलेला नकाशा मूळ आकाराला परत येतच नाही, आणि असे दहा वेळा केले तर तो मूळच्या साधारण दोन-तृतीयांशावर येतो. त्यात प्रत्येक वेळी आपण पूर्णांकही घेत आहात, म्हणजे बांधाचा कोपरा दर झूमला थोडाथोडा सरकतो. जमिनीचा आकडा आणि पडद्याचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला एकदा नोंदवला की कधीही बदलू नये, आणि दुसरा साठवूच नये, तो दर वेळी काढावा. ही एक शिस्त पाळली तर बाकीचे बरेचसे आपोआप मार्गी लागते.

जमिनीचा आकडा कोणत्या मापात ठेवावा, हा पहिला निर्णय. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे आपल्याकडची जुनी टिपणे, म्हणजे मोजणीच्या नोंदी, ३३ फुटी साखळीत आणि साखळीच्या सोळाव्या भागात, म्हणजे आण्यांत, असतात. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे १ गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा १ एकर. टिपणावरून आकडे भरणार असाल तर ते साखळी-आण्यांतच भरून घ्यावेत, कारण कागदाशी ताडून पाहणे सोपे जाते. मात्र साठवताना मीटरमध्ये करावेत. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, आणि १ गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. एवढे दोन आकडे हाताशी असले की पहाणी पत्रकावरील, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावरील, एकर-गुंठे-आणे (इथे आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग) आणि आपल्या बहुभुजाचे क्षेत्रफळ यांचा मेळ घालता येतो.

जीपीएसवरून किंवा उपग्रहचित्रावरून कोपरे घेतले असतील तर दोन खड्डे जपून ओलांडावेत. पहिला खड्डा मर्केटर प्रक्षेपाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या एका पद्धतीचा. वेबवरचे बहुतेक नकाशे ज्या मर्केटर मीटरमध्ये चालतात ते मीटर विषुववृत्ताशिवाय कुठेही खरे मीटर नसतात. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि तिथे हे मीटर सुमारे ४ टक्के फुगलेले असतात. लांबी ४ टक्के फुगली की क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के फुगते, म्हणजे ४० गुंठ्यांचे शेत आपला प्रोग्राम ४३ गुंठ्यांहून अधिक दाखवील, आणि मग कुणाच्या तरी घरी विनाकारण वाद पेटेल. दाखवण्यासाठी मर्केटर चालेल. क्षेत्रफळ काढण्यासाठी यूटीएमसारखे, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकात मीटरने मोजणारे, स्थानिक मापन घ्यावे. आपला भाग यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो.

दुसरा खड्डा अधिक लपलेला आहे. यूटीएममध्ये बेळगावच्या आसपासचा पूर्वेचा आकडा साडेचार लाखांच्या आणि उत्तरेचा साडेसतरा लाखांच्या घरात असतो. जावास्क्रिप्ट स्वतः ६४ बिटी अपूर्णांक वापरते, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. पण वेबजीएलच्या (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या ब्राउझरमधील सोयीच्या) बफरमध्ये आकडे सहसा ३२ बिटी असतात आणि एसव्हीजीच्या अंतर्गत गणितातही बऱ्याच ठिकाणी तसेच असते. ३२ बिटी अपूर्णांकात साडेसतरा लाखांच्या आसपास दोन लगतच्या संख्यांमधले अंतर ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर असते; त्याहून बारीक फरक त्यात मावतच नाही. लांबून काही कळत नाही, पण खूप जवळ गेले की बांधांचे कोपरे थरथरू लागतात, आणि माणूस तो दोष झूमच्या कोडमध्ये शोधत बसतो. उपाय सोपा आहे: गावाच्या मध्याजवळचा एखादा बिंदू स्थानिक शून्य मानावा आणि सर्व कोपऱ्यांतून त्याचे आकडे वजा करून मगच ते चित्रकामाकडे द्यावेत. गावाचा विस्तार दोन-पाच किलोमीटरचा असतो, तेवढ्या आकड्यांना ३२ बिट भरपूर होतात.

उत्तर दिशा वर आणि पडद्याचा य-अक्ष खाली, हा उलटेपणाही इथेच मिटवावा. पूर्ण चित्राला उणे एकने गुणून उलटे करण्याचा मोह होतो, पण त्यात अक्षरेही पालथी पडतात. आकडे भरतानाच य चे चिन्ह बदलून टाकावे आणि पुढे त्याचा विचार करू नये.

आता पडद्याचा आकडा. तो काढायला तीनच संख्या लागतात: प्रमाण, म्हणजे १ मीटरला किती पिक्सेल, आडवी सरक, आणि उभी सरक. पडद्यावरचा क्ष म्हणजे जमिनीचा क्ष गुणिले प्रमाण अधिक आडवी सरक, आणि य चेही तसेच. झूम करणे म्हणजे प्रमाण बदलणे, नकाशा ओढणे म्हणजे सरक बदलणे. हजारो कोपऱ्यांना हात लावण्याची गरज नाही.

कर्सरखालचे शेत पळते त्याचे कारण असे की आपण प्रमाण बदलता पण सरक तशीच ठेवता, त्यामुळे नकाशा कर्सरभोवती मोठा न होता शून्यबिंदूभोवती, म्हणजे आपल्या कोडमध्ये डाव्या-वरच्या कोपऱ्याभोवती, मोठा होतो. अट एकच आहे: झूम करण्यापूर्वी कर्सरखाली जमिनीचा जो बिंदू होता तोच झूमनंतरही कर्सरखाली राहिला पाहिजे. त्यातून सूत्र येते, नवी सरक = कर्सर − (कर्सर − जुनी सरक) × (नवे प्रमाण ÷ जुने प्रमाण). उदाहरण घेऊ. प्रमाण २ आहे, आडवी सरक १००, उभी सरक ५०, आणि कर्सर (३००, २५०) येथे आहे. कर्सरखालचा जमिनीचा बिंदू (३०० − १००) ÷ २ म्हणजे १००, आणि (२५० − ५०) ÷ २ म्हणजेही १००. प्रमाण ४ केले तर नवी आडवी सरक ३०० − २०० × २ = −१००, आणि उभी २५० − २०० × २ = −१५०. ताळा पाहा: १०० × ४ − १०० = ३००, आणि १०० × ४ − १५० = २५०. शेत जागचे हलले नाही. कर्सरचे स्थान मात्र नकाशाच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून मोजलेले असावे, पानाच्या कोपऱ्यापासून नव्हे. वर शीर्षकाची पट्टी असेल तर तेवढ्याच पिक्सेलनी सगळे चुकते.

मोबाइलवर दोन बोटांनी मोठे करताना हेच सूत्र वापरावे. दोन बोटांमधील अंतराचे नव्या-जुन्याचे गुणोत्तर म्हणजे प्रमाणातील बदल, दोन बोटांचा मध्यबिंदू म्हणजे कर्सर, आणि मध्यबिंदू स्वतः सरकला असेल तर तेवढी सरक वेगळी मिळवावी. शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग नकाशा बोटांना चिकटून राहत नाही.

चाकाच्या एका खटक्याला किती मोठे करावे, याला प्रमाणात ठरावीक संख्या मिळवणे हे उत्तर नाही. गुणाकारच हवा, आणि तोही घातांकाने. चाकाच्या घटनेतून (इव्हेंटमधून) सरकण्याचा जो आकडा मिळतो त्याला उणे ०.००२ ने गुणून २ चा तेवढा घात घ्यावा आणि प्रमाणाला त्याने गुणावे. डी-थ्री या जावास्क्रिप्टच्या प्रसिद्ध लायब्ररीतील झूमही याच आकड्याने चालतो. १०० चा एक खटका असेल तर प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी वाढते आणि पाच खटक्यांत बरोबर दुप्पट होते. शिवाय जेवढे खटके पुढे तेवढेच मागे फिरवले की नकाशा होता त्याच आकाराला येतो, कारण घातांकांची बेरीज-वजाबाकी शून्य होते. काही ब्राउझर हा आकडा पिक्सेलऐवजी ओळींत देतात, आणि तो कोणत्या एककात आहे हे त्याच घटनेत सांगितलेले असते. ते न पाहता वापरला तर एका संगणकावर नकाशा गोगलगायीने आणि दुसऱ्यावर उड्या मारत मोठा होतो. लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीवर दोन बोटे फाकवली की क्रोम आणि फायरफॉक्स तीही चाकाचीच घटना म्हणून पाठवतात, फक्त कंट्रोल कळ दाबलेली दाखवतात. त्या वेळी आकडे बरेच लहान असतात, म्हणून तिथे गुणक दहापट घेतला तर हाताला बरे लागते.

नकाशाबरोबर सगळे पानही मोठे होऊ नये म्हणून ब्राउझरची मूळ कृती थांबवावी लागते. पण २०१९ पासून क्रोम खिडकी, दस्तऐवज आणि बॉडी यांवर लावलेले चाकाचे श्रोते (घटना घडली की चालणारे कोडचे तुकडे) ‘पॅसिव्ह’ मानतो, म्हणजे तिथून थांबवण्याची विनंती केली तरी ती ऐकली जात नाही. श्रोता थेट नकाशाच्या घटकावर लावावा आणि तो पॅसिव्ह नाही असे स्पष्ट लिहावे. स्पर्शासाठी त्या घटकाच्या सीएसएसमध्ये (पानाचे दिसणे ठरवणाऱ्या नियमांत) ‘टच-ॲक्शन’ हा गुणधर्म ‘नन’ करावा. मात्र नकाशाने मोबाइलचा पूर्ण पडदा व्यापला असेल तर पान खाली सरकवायला कडेला थोडी जागा मोकळी ठेवा, नाही तर वाचणारा नकाशातच अडकतो.

पुसटपणाची कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. सर्वांत सामान्य कारण मोबाइलच्या पडद्याचे आहे. सीएसएसचा एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, हे समीकरण आता चालत नाही. अनेक मोबाइलवर एका सीएसएस पिक्सेलमागे आडवे तीन आणि उभे तीन ठिपके असतात, आणि विंडोजवर १२५ किंवा १५० टक्के मोजमाप ठेवले असेल तर हे गुणोत्तर १.२५ किंवा १.५ असे अपूर्णांकात येते. कॅनव्हासला दोन आकार असतात, एक त्याच्या आतील चित्राचा आणि एक पानावर व्यापलेल्या जागेचा. आतील आकार सांगितला नाही तर तो ३०० बाय १५० धरला जातो. पानावर ३६० बाय ८०० सीएसएस पिक्सेल व्यापणाऱ्या आणि ३ गुणोत्तर असलेल्या मोबाइलवर आतील आकार १०८० बाय २४०० हवा, आणि चित्र काढण्यापूर्वी रूपांतरात (ट्रान्सफॉर्म, म्हणजे कॅनव्हासला प्रमाण व सरक सांगण्याची सोय) ३ ने गुणायला हवे. आतील आकार बदलला की कॅनव्हास पुसला जातो आणि त्यावरचे रूपांतरही मूळ स्थितीला जाते, म्हणून प्रत्येक वेळी रूपांतर नव्याने लावूनच चित्र काढावे. हे गुणोत्तर कायमचे नसते, हेही लक्षात ठेवावे: संगणकावर कंट्रोल आणि अधिक दाबून पान मोठे केले, किंवा खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर ओढली, तरी ते बदलते.

दुसरे कारण असे की काढून झालेले चित्रच ताणले जाते. कॅनव्हासला सीएसएसचे स्केल लावले की ब्राउझर नव्याने काही काढत नाही, आहेत तेच ठिपके मोठे करतो. एसव्हीजी तरी यातून सुटते असे वाटते, पण त्यावर ‘विल-चेंज: ट्रान्सफॉर्म’ लिहिले असेल तर क्रोम त्याचे एकदा चित्र करून ठेवतो आणि मोठे करताना तेच ताणतो, म्हणून एसव्हीजीही पुसट दिसू शकते. वेग वाढतो असे कुठेतरी वाचून ती ओळ लिहिली जाते आणि मग तिथेच राहते. तिचा योग्य उपयोग असा: बोटे हलत असताना चित्र ताणू द्यावे, बोटे उचलली की ती ओळ काढून नव्या प्रमाणात एकदा नीट काढावे. हलत्या चित्राचा क्षणभराचा पुसटपणा डोळ्यांना खुपत नाही, थांबलेल्या चित्राचा खुपतो.

यावर आपण काढलेली तोड मात्र चुकीच्या दिशेची आहे, म्हणजे झूम वाढेल तसा कॅनव्हासच मोठा करत जाणे. ५ किलोमीटरचे शिवार १ मीटरला २ पिक्सेल या प्रमाणात संपूर्ण काढायचे म्हटले तर १०,००० बाय १०,००० म्हणजे १० कोटी पिक्सेल होतात, आणि एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४० कोटी बाइट. आयफोनवरील सफारीने वर्षानुवर्षे एका कॅनव्हासला १,६७,७७,२१६ पिक्सेलची मर्यादा ठेवली होती. अशी मर्यादा ओलांडली की चित्र कोरे येते. कॅनव्हास नेहमी पडद्याएवढाच असावा. वरच्या मोबाइलचा कॅनव्हास २६ लाख पिक्सेलांच्या आसपास, म्हणजे सुमारे एक कोटी बाइटमध्ये बसतो, मग नकाशा गावाचा असो की तालुक्याचा.

पुसटपणाचे तिसरे कारण स्कॅन हे आहे. त्याकडे पुढे येतो.

रेघांबाबत आधी एक गोष्ट मनाशी ठरवावी लागते: नकाशातील कोणती वस्तू झूमबरोबर वाढावी आणि कोणती वाढू नये. शेताचा आकार, ओढ्याची रुंदी, गावठाणाची हद्द या जमिनीवरच्या गोष्टी आहेत, त्या वाढल्याच पाहिजेत. बांध दाखवणारी रेघ, विहिरीची खूण, हिस्सा नंबर, नाव ही जमिनीवर कुणी लिहिलेली नसतात, ती पाहणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत, त्यामुळे त्यांचा आकार पडद्याच्या मापात स्थिर राहावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कास्टिंगचे ड्रॉइंग ब्राउझरमध्ये दाखवतानाही हीच वाटणी करावी लागते: भागाची कड वाढते, मापाचे बाण आणि आकडे वाढत नाहीत. कॅनव्हासमध्ये याचा सोपा मार्ग म्हणजे रूपांतर लावून मार्ग आखावा, मग रूपांतर काढून घ्यावे आणि त्यानंतर रेघ ओढावी. मार्गाचे बिंदू आखतानाच्या रूपांतराने ठरतात आणि रेघेची जाडी ओढतानाच्या रूपांतराने, त्यामुळे आकार वाढतो पण जाडी वाढत नाही. एसव्हीजीत यासाठी ‘व्हेक्टर-इफेक्ट’ या गुणधर्माला ‘नॉन-स्केलिंग-स्ट्रोक’ हे मूल्य द्यावे; त्याने तुटक रेघेचे तुकडेही स्थिर राहतात. हजारो रेघा असल्या तर ते जड पडू शकते, पण एका गावाच्या नकाशाला चालून जाते.

नावे झूम होणाऱ्या गटाच्या बाहेर ठेवावीत. प्रत्येक नावाचे जमिनीवरील स्थान वरच्या सूत्राने पडद्यावर आणावे आणि तिथे १३ किंवा १४ पिक्सेलच्या अक्षरात लिहावे. शेताची पडद्यावरची रुंदी नावाच्या रुंदीपेक्षा कमी असेल तर नाव लिहूच नये. जवळ गेल्यावर ते आपोआप दिसेल. आपल्या भागात नावे मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत द्यावी लागतात, आणि बाहेरचे तयार नमुने इथेच फसतात, कारण ते रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. मलप्रभेसारख्या नदीचे नाव प्रवाहाच्या लांबीवर पसरवण्यासाठी अक्षरांमधील अंतर वाढवण्याची नकाशाकारांची रीत आहे, पण देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. देवनागरी नाव पसरवू नये. लांब नदीवर ते दोन-तीन ठिकाणी लिहावे. कन्नडमध्ये शिरोरेषेचा प्रश्न नाही, पण तिथे जोडाक्षरातले दुसरे व्यंजन ओळीच्या खाली उतरते, त्यामुळे नावामागे पांढरी चौकट ठेवली असेल तर तिची उंची अक्षरांच्या आकाराच्या आकड्यावरून न ठरवता मजकूर मोजून ठरवावी, नाही तर खालचे अक्षर कापल्यासारखे दिसते. कॅनव्हासवर फाँट उतरण्याआधीच नाव लिहिले गेले तर ते दुसऱ्याच फाँटात लिहिले जाते आणि नंतर आपोआप दुरुस्त होत नाही. फाँट तयार झाल्याची वाट पाहून मगच पहिले चित्र काढावे.

शेजारच्याचा सर्व्हे नंबर निवडला जातो, कारण बोट टेकलेल्या जागेचा आकडा सीएसएस पिक्सेलमध्ये येतो आणि आपली तुलना कॅनव्हासच्या आतील पिक्सेलशी होते. बिंदू मार्गाच्या आत आहे का हे विचारणारी कॅनव्हासची जी सोय आहे ती मार्गाला चालू रूपांतर लावते, पण दिलेल्या बिंदूला लावत नाही, त्यामुळे १ गुणोत्तराच्या संगणकावर सगळे बरोबर आणि ३ च्या मोबाइलवर सगळे चूक असा प्रकार होतो. मी ती सोय वापरत नाही. बोटाचा बिंदू उलट्या सूत्राने जमिनीवर नेतो, म्हणजे त्यातून सरक वजा करून प्रमाणाने भागतो, आणि जमिनीच्या मीटरमध्येच कोणत्या बहुभुजात तो पडतो ते पाहतो. आधी प्रत्येक शेताच्या भोवतालच्या चौकोनाशी तपासणी करायची, आणि जी दोन-चार शेते उरतील त्यांच्याशीच खरी. बोट जाड असते, म्हणून विहीर किंवा हद्दीचा दगड यांसारख्या बिंदूंना १२ पिक्सेलची सूट द्यावी, आणि तीही प्रमाणाने भागून मीटरमध्ये आणावी: प्रमाण २ असताना ती ६ मीटर होते, १० असताना १.२ मीटर. एसव्हीजी वापरली तर ब्राउझर निवडलेला आकार स्वतःच सांगतो, पण स्थान हवे असेल तर तिथेही पडद्यावरचे रूपांतर मागून, ते उलटे करून वापरावे. व्ह्यूबॉक्स (एसव्हीजीच्या आतील मापांची चौकट) आणि पानावरची प्रत्यक्ष चौकट यांची लांबी-रुंदी वेगळ्या प्रमाणात असेल तर ब्राउझर चित्र मध्यभागी बसवून कडेला मोकळी जागा सोडतो, आणि नुसत्या भागाकाराने काढलेले स्थान तेवढ्याने चुकते.

वेगाबद्दल थोडेच सांगतो. चाकाच्या किंवा बोटाच्या प्रत्येक घटनेला चित्र काढू नये. घटनेने फक्त तीन संख्या बदलाव्यात आणि पुढच्या चौकटीच्या (फ्रेमच्या) वेळी एकदाच चित्र काढावे. सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर एका चौकटीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडद्याबाहेरची शेते वगळावीत, आणि नकाशा लहान असताना ओढ्याची वळणे डग्लस-प्यूकर पद्धतीने अर्ध्या पिक्सेलएवढ्या अंतरापर्यंत साधी करून घ्यावीत.

आता कॅनव्हास की एसव्हीजी. एका गावात काही शे सर्व्हे नंबर आणि त्यांचे हिस्से असतात. तेवढ्यासाठी मी एसव्हीजीच घेईन, कारण निवड, रंग, छपाई आणि दृष्टिहीनांच्या वाचकयंत्रासाठी शीर्षके या गोष्टी तिथे फुकट मिळतात. सर्व शेते एका गटात ठेवून त्या गटाच्या रूपांतरात वरच्या तीन संख्या लिहिल्या की काम झाले. आकारांची संख्या काही हजारांच्या पुढे गेली, म्हणजे अनेक गावे एकत्र दाखवायची असली, की कॅनव्हास घ्यावा. आपला कॅनव्हास आधीच तयार आहे आणि वरच्या दुरुस्त्या त्यात बसतात, म्हणून केवळ या चार अडचणींसाठी सर्व पुन्हा लिहिण्याचा खटाटोप मी करणार नाही.

राहिले स्कॅन. जुने गावनकाशे १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे १ इंचाला ६६० फूट, अर्थात १ : ७९२० या प्रमाणात आहेत. तो कागद ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केला तर एक पिक्सेल जमिनीवरच्या २६.४ इंचांएवढा, म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटरचा होतो आणि १ गुंठ्याची एक बाजू जेमतेम १५ पिक्सेल भरते. ६०० डीपीआयने केला तर ३० पिक्सेल मिळतात, पण त्याने अचूकता दुप्पट होत नाही, कारण कागदावरची शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी जमिनीवर ती सुमारे ४ मीटर होते. कागदाचे आकुंचन-प्रसरण आणि घडीची सुरकुती वेगळीच. झूम कितीही वाढवला तरी त्या ४ मीटरच्या आत बांध नेमका कुठे आहे हे त्या कागदाला माहीत नाही, आणि ब्राउझरने ते सांगण्याचा आव आणू नये. वरच्या दुरुस्तीनंतर आपल्या नकाशात गुळगुळीत, एक पिक्सेल जाडीची रेघ स्कॅनवर असेल. ती २० पट मोठी करूनही तितकीच टोकदार राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हद्द सेंटिमीटरपर्यंत ठरलेली आहे.

म्हणून झूमची कमाल मर्यादा डेटाच्या उगमावरून ठरवावी. हद्द स्कॅनवरून गिरवलेली असेल तर प्रमाण १ मीटरला ४ पिक्सेलच्या पुढे जाऊ देऊ नये. त्या प्रमाणात शाईची मूळ रेघ सुमारे १६ पिक्सेल जाड दिसते आणि अनिश्चितता किती आहे ते डोळ्यांनाच कळते. जिथे टिपणाची साखळी-आण्यांतील मापे किंवा प्रत्यक्ष मोजणीचे आकडे आहेत, त्या सर्व्हे नंबरांना अधिक जवळ जाण्याची मुभा द्यावी आणि त्यांची रेघ वेगळ्या रंगात काढावी. स्कॅन मोठे होताना ब्राउझर ठिपके मिसळून गुळगुळीत करतो. ‘इमेज-रेंडरिंग’ हा गुणधर्म ‘पिक्सलेटेड’ केला तर ठिपके चौकोनी दिसतात. दिसायला ते कुरूप, पण गिरवण्याच्या कामाला बरे, कारण शाई कुठे संपते ते दिसते.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘१ : ७९२०’ असे लिहिले आहे ते काढून टाका. सीएसएसचा इंच म्हणजे ९६ सीएसएस पिक्सेल, त्याचा पट्टीवरच्या इंचाशी संबंध प्रत्येक मोबाइलवर वेगळा असतो, त्यामुळे ते प्रमाण पडद्यावर कधीच खरे नसते. त्याऐवजी मापपट्टी काढा: पडद्यावर ८० ते २०० पिक्सेलच्या दरम्यान बसेल अशी १, २ किंवा ५ साखळ्यांची किंवा त्यांच्या दहापटींची लांबी निवडावी, ती प्रमाणावरून दर वेळी मोजून आखावी, आणि तिच्या एका अंगाला साखळ्या व दुसऱ्या अंगाला मीटर लिहावेत. छपाईच्या वेळी मात्र कागदाचा इंच खरा असतो, म्हणून तिथे १ : ७९२० मागणाऱ्याला ते देता येते, छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवून १०० टक्के निवडायला सांगावे, आणि छापून आलेल्या मापपट्टीवर फूटपट्टी लावून पाहावे: १० साखळ्या बरोबर अर्ध्या इंचात बसल्या पाहिजेत.